साच्याबाहेरचे सैन्य

लंडनच्या वाँड्सवर्थ भागात ज्या एअरफिक्स कंपनीचा कारखाना होता, तिने १९५९ साली प्लॅस्टिकच्या चिमुकल्या सैनिकांची पहिली पेटी बाजारात आणली, आणि गंमत अशी की त्या पेटीत लढणारा असा एकही शिपाई नव्हता. होते ते सगळे राणीच्या गार्ड्स पलटणीचे वाजंत्री. अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या घातलेले, कोणी ढोल तर कोणी तुतारी सांभाळणारे हे जेमतेम इंचभर उंचीचे लोक खेळण्यातल्या आगगाडीच्या मापाला जुळतील अशा बेताने ओतलेले होते, आणि त्यांचा मुक्काम त्या आगगाडीच्या आसपासच पडावा अशी कारखानदाराची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु त्या काळी इंग्लंडात काही थोडे प्रौढ गृहस्थ असे होते, की ज्यांना रात्रीचे जेवण आटोपल्यावर मोठ्या मेजावर वॉटर्लूची किंवा गेटिसबर्गची लढाई पुन्हा मांडून पाहण्याचा नाद होता. आणि असल्या माणसाच्या नजरेला त्या वाजंत्र्यात नेपोलियनच्या खाशा पलटणीतला ग्रेनेडियर दिसू शकत असे, कारण टोपी तर जवळजवळ तीच होती, आणि हातातले वाद्य कापून त्या जागी बंदूक बसविणे हा धारदार चाकूचा आणि एका मोकळ्या संध्याकाळचा प्रश्न होता.

मेजावरच्या या युद्धक्रीडेत पलटणींची चाल इंचपट्टीने मोजतात, गोळी लागली की हुकली याचा निवाडा फाशांवर सोपवितात, आणि एकेक सैनिक वीस किंवा तीस खऱ्या माणसांचा मुखत्यार म्हणून उभा असतो. समोरच्या खेळाडूला आपले सैन्य एका दृष्टिक्षेपात वाचता यावे, हा रिसाला कोणता आणि हे पायदळ कोणत्या मुलखातले हे त्याला न विचारता कळावे, म्हणून गणवेशाची टोपी, पट्टे आणि झालर यांना येथे जे महत्त्व येते ते बाहेरच्या माणसाला अतिरेकी वाटल्यावाचून राहत नाही. आता इतिहासाच्या हजेरीपटावर पलटणी हजारो, आणि कारखानदाराच्या यादीत त्यांतल्या फार तर वीस-पंचवीस. साचा करविणे हे अतिशय खर्चाचे काम असल्यामुळे ज्या सैन्याला हजारो गिऱ्हाइके मिळतील तेवढेच तो ओतणार, आणि ज्याला पोर्तुगालचे कासादोर किंवा सुदानातले महदीचे अनुयायी हवे असतील त्याने आपली सोय आपणच पाहावी, हा बाजाराचा शिरस्ता. या तफावतीतून रूपांतराची कला निघाली. आणि तिचा इतिहास नीट पाहू गेल्यास असे आढळते, की कारागिराच्या कल्पकतेपेक्षाही त्याच्या हाती पडलेल्या पदार्थाच्या स्वभावाने तिचे वळण अधिक ठरविले आहे.

युद्धक्रीडेचे मूळ शोधावयाचे तर प्रशियात जावे लागते. तेथे १८१२ साली फोन राइसविट्झ यांनी राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा यांच्यापुढे आपला खेळ मांडला आणि १८२४ मध्ये त्यांच्या लष्करी पेशातल्या मुलाने त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. परंतु त्या खेळात पलटणींच्या जागी ठोकळे असत, आणि ठोकळ्याचे रूपांतर करण्याचा मोह कोणाला होत नाही. न्यूरेंबर्गचे कथलाचे चपटे सैनिक अठराव्या शतकापासून घरोघर जात होते, आणि त्यांतल्या हाइन्रिक्सन या कारखानदाराने १८४८ च्या सुमारास तीस मिलिमीटर उंचीचे जे माप धरले ते पुढे न्यूरेंबर्गचे माप म्हणूनच रूढ झाले. तथापि चपट्या साच्यात ओतलेल्या माणसाला मान वळविता येत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत सारी करामत रंगाच्या कुंचल्यापाशीच थांबे.

खरा पालट झाला तो १८९३ साली. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या घराण्याने शिसे साच्यात ओतून ते भिंतींना लागून थिजते न थिजते तोच उरलेला रस बाहेर काढून घेण्याची युक्ती साधली. त्यामुळे सैनिक आतून पोकळ झाला, धातू वाचला, वजन घटले, आणि तोवर जर्मन मालाने व्यापलेल्या इंग्रजी बाजारात हा देशी शिपाई स्वस्तात उभा राहिला. साम्राज्याच्या सर्व फौजा त्यांच्या यादीत क्रमाने दाखल झाल्या. बॉम्बे लान्सर्सचे स्वार आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे पायदळ हेही तीत होते, म्हणजे ज्या पलटणींत कोकणातली आणि देशावरची माणसे नोकरीला जात त्यांच्या शिशाच्या प्रतिमा लंडनच्या मुलांच्या खोल्यांत कवायत करीत होत्या, हे आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले ते या ब्रिटन सैनिकांच्या जोरावर. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा खरोखरच उडे आणि ज्याला तो लागेल तो गारद होई; अशा न्यायदानात पोकळ शिशाच्या शिपायाची मान किती वेळा मोडत असेल याची कल्पना करावी. मोडलेले डोके पुन्हा बसविण्याचा घरगुती उपाय त्या पोकळपणातच होता. आगकाडीचा एक तुकडा मानेच्या भोकात अर्धा आणि डोक्याच्या भोकात अर्धा खुपसला की शिपाई पुन्हा हजर. मात्र एकदा डोके सुटे झाले, की ते मूळच्याच धडावर परत बसवावे असा काही कायदा नव्हता. हायलंडरच्या धडावर लान्सरचे डोके बसविण्याचा पहिला उद्योग कोणी केला याची नोंद कोठल्याही दफ्तरात सापडणार नाही. पण तो दुरुस्ती करीत असतानाच कोणाला तरी सुचला असावा, असे मला निःशंकपणे वाटते.

शिसे मऊ असते. त्याचा हात वाकतो, पाय थोडा पसरता येतो, कानशीने पट्टा घासून काढता येतो आणि डाख देऊन नवी तलवार जोडता येते. १९३५ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटीच्या काळातील संग्राहकांची रूपांतरे याच जातीची होती. परंतु शिशाचे सैन्य उभारणे हा खर्चाचा मामला होता, आणि खेळण्यासाठी तर शेकड्यांनी माणसे लागत. डोनाल्ड फेदरस्टोन हे साउथॅम्प्टनचे गृहस्थ, पेशाने फिजिओथेरपिस्ट. त्यांनी १९६२ साली ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी या नादाचे एक छोटे मासिकही सुरू केले, त्यामुळे इंग्लंडभर विखुरलेल्या, आपण एकटेच असे वेडे आहोत या समजुतीत असलेल्या माणसांना एकमेकांचा पत्ता लागला. एअरफिक्सच्या पेट्या नेमक्या याच वर्षांत एकामागून एक येऊ लागल्या होत्या. मुलाच्या खाऊच्या पैशांत जवळपास अर्धशतक शिपाई मिळत असताना शिशाकडे कोण वळणार?

पण हे प्लॅस्टिक मोठे अवघड होते. ते पॉलिथीन, म्हणजे आपल्याकडच्या पिशव्या-बादल्यांच्या कुळातले, लवचिक, मेणासारखे निसरडे. साच्यातून ओढून काढताना ते वाकत असल्यामुळे अख्खा शिपाई एकाच तुकड्यात ओतता येई, ही कारखानदाराची सोय. परंतु कोणताही द्रावक त्याला विरघळवीत नसे, म्हणून कोणताही गोंद त्याला धरीत नसे, ही रूपांतर करणाऱ्याची अडचण. मग जुन्या शिशाच्या आगकाडीची जागा टाचणीने घेतली. डोके पात्याने कॉलरच्या रेषेवर सरळ कापायचे, टाचणीचे टोक मेणबत्तीवर तापवून धडात उतरवायचे, डोके वरून दाबायचे आणि टाचणीचा उरलेला भाग छाटून टाकायचा. प्लॅस्टिक थंड झाले की ते टाचणीला असे आवळून धरी की पुढे डोके फिरविताही येई. ढालीसाठी ड्रॉइंग पिना वापरीत. झग्यासाठी, घोड्यावरच्या झुलीसाठी आणि निशाणासाठी दात घासण्याच्या पेस्टची रिकामी नळी उलगडून तिचा पत्रा कापीत, कारण तो मऊ असून चुणी धरतो. आणि रंग पोपडे धरून गळू नये म्हणून आधी सुताराच्या पांढऱ्या गोंदाचा हात देत, तरीही काही महिन्यांनी संगिनीच्या टोकावरून रंग निघे तो निघेच.

त्या दहा-बारा वर्षांत ‘एअरफिक्स मॅगझिन’मधून या विषयावर जे लिखाण येत गेले त्याकडे पाहिले, की अभावाने माणसाची दृष्टी किती तीक्ष्ण होते याचा प्रत्यय येतो. नेपोलियनच्या युद्धांचे सैनिक एअरफिक्सच्या यादीत कित्येक वर्षे नव्हतेच. म्हणून अमेरिकन यादवी युद्धाचे पायदळ घेऊन त्याच्या टोपीवर कागदाची नळी चढवून शाको करायची, कोटाच्या पाठीमागे पत्र्याच्या दोन शेपट्या लावायच्या, आणि रंगाने बाकीचे निभवायचे. बेदुइन अरबांची पेटी सुदानच्या लढाईसाठी महदीचे सैन्य म्हणून कामाला येई. रॉबिन हूडच्या टोळीतून मध्ययुगीन तिरंदाज निघत. रोमन आणि प्राचीन ब्रिटन यांच्या पेट्यांतून तर भूमध्यसमुद्राच्या काठची निम्मी राष्ट्रे काढण्यात आली. पेटीवरचे नाव ही केवळ सूचना होती. पुढे १९७० च्या सुमारास वॉटर्लूच्या पलटणी एकामागून एक छापील पेट्यांतून मिळू लागल्या तेव्हा या मंडळींना आनंद झाला असेलच, पण चाकू कोणी खाली ठेवला नाही; ब्रिटिश पायदळ मिळाले तर आता त्याचे पोर्तुगीज करता येतील, हा विचार त्यांच्या मनात आधी आला.

आपल्याकडचा वाचक येथे साहजिकच विचारील, की आमच्या फौजांचे काय? २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजांची वेलस्लीशी जी लढाई झाली ती इंग्रजी युद्धक्रीडकांच्या परिचयाची आहे. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या सेनापतीनेच ती आपली मोठी लढाई मानली होती. परंतु त्या काळच्या एअरफिक्सच्या यादीत मराठी सैनिक नाही. ज्याला तो हवा होता त्याच्यापुढे कोडे असे, की शिंद्यांच्या कवायती पलटणी युरोपीय धर्तीवर बंदुका चालविणाऱ्या, तर त्यांच्या भोवतीचे शिलेदार आणि बारगीर सर्वस्वी देशी. म्हणजे एका सैन्यासाठी दोन निरनिराळ्या पेट्या फोडाव्या लागणार, आणि मराठी पगडीची ठेवण त्यांपैकी एकीतही सापडणार नाही. ती वळावी लागे बोटांनीच. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज दरवाजाहून उंच आणि पायथ्याचा वाघ बुरुजाएवढा असला तरी पाहणारा ते निमूट मान्य करतो. युद्धक्रीडेचा नाद लागलेल्याला मात्र पगडीचा पेच चुकीच्या बाजूला गेला तरी झोप येत नाही, आणि या दोन वृत्तींपैकी अधिक सुखी कोणती हे सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेत या कलेला निराळेच वळण लागले. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे मित्र मध्ययुगीन लढाया खेळत असत. १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक काढले, त्याला चेटूक, राक्षस आणि अग्नी ओकणारे ड्रॅगन यांची एक पुरवणी जोडली, आणि पुरवणीच मूळ ग्रंथाहून मोठी ठरावी असा प्रकार झाला. ड्रॅगनची मूर्ती त्या काळी विकत मिळत नव्हती. गायगॅक्स यांनी स्टेगोसॉरस या नामशेष प्राण्याचे प्लॅस्टिकचे खेळणे घेतले आणि काटछाट करून त्याचा ड्रॅगन बनविला. जर्मनीतील एलास्टोलिनचे मोठ्या मापाचे व्हायकिंग त्यांनी निळे रंगविले, तासले, आणि लहान शिपायांच्या शेजारी उभे करून त्यांचे राक्षस केले. यापेक्षाही नवलाची गोष्ट ही, की हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त पिशव्यांत विचित्र आकाराची काही प्लॅस्टिकची जनावरे असत, ज्यांना धड नाव नव्हते की गाव. ती त्यांच्या मेजावर आली तशी त्यांना स्वभाव, आयुध आणि खोडी बहाल करण्यात आल्या, आणि १९७४ मध्ये निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पशुसंग्रहात पुढे ती ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि ‘बुलेट’ या नावांनी कायमची नांदू लागली. पुराणातल्या प्राण्याची मूर्ती घडविली जाते हा जगाचा सर्वसाधारण क्रम; येथे खेळणे आधी जन्मले आणि पुराण मागाहून रचले गेले.

एका कारखान्याच्या पेटीतले भाग दुसऱ्याच्या सांगाड्यावर चढविण्याच्या या धंद्याला याच सुमारास किटबॅशिंग म्हणू लागले. आगगाड्यांच्या आणि विमानांच्या नमुन्यांवर हात बसलेले लोक ते करीतच होते. चित्रपटवाल्यांनी त्याला दौलत मिळवून दिली. डेरेक मेडिंग्ज यांनी ‘थंडरबर्ड्स’ या मालिकेसाठी आणि पुढे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या कारागिरांनी आपल्या जहाजांसाठी रणगाड्यांच्या, तोफांच्या, मोटारींच्या पेट्या घाऊक विकत आणून त्यांतले झडप-नळ्या-चाके असे जिन्नस अंतराळयानांच्या पाठीवर चिकटविले. प्रेक्षकाला ते गुंतागुंतीचे यंत्र वाटे. जवळून पाहणाऱ्या नमुनेबाजाला त्यात जर्मन रणगाड्याचे झाकण ओळखू येई.

आता पॉलिस्टायरीनकडे येऊ, कारण या कलेचा उत्तरार्ध सगळा त्या एका पदार्थावर उभा आहे. हे प्लॅस्टिक कडक, ठिसूळ, आणि द्रावकात विरघळणारे. दोन तुकड्यांच्या कडांना द्रावक लावला की दोन्ही कडा पाघळतात, एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर सांधा उरतच नाही; दोन्ही तुकडे एकजीव होतात. परंतु कडकपणाची किंमत साच्याच्या वेळी द्यावी लागते. पोलादी साच्याचे दोन अर्ध सरळ रेषेत उघडतात, त्यामुळे छातीपुढे आडवा आलेला हात, हनुवटीखालची पोकळी, बंदुकीच्या आडचा पट्टा असे काहीही मध्ये आले तर शिपाई साच्यात अडकून बसतो, आणि पॉलिथीनसारखा तो वाकवून ओढताही येत नाही. म्हणून त्याचे हात वेगळे, डोके वेगळे, पाठीवरची झोळी वेगळी असे विच्छेदन करूनच त्याला ओतावे लागते. फ्रान्सच्या हिस्टोरेक्स कंपनीने १९६० नंतरच्या वर्षांत नेपोलियनचे स्वार चोपन्न मिलिमीटरच्या मापात अशाच सुट्या भागांत काढले, आणि सुटे भाग निरनिराळे विकतही दिले. ते बहुतेक काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी होते, युद्धाच्या मेजासाठी नव्हते, तरी भाग सुटे असले की माणूस ते सांगितल्याप्रमाणे जोडत नाही, हे त्या पिढीने त्यांच्यावर शिकून घेतले. कारखानदाराने केवळ साच्याच्या अडचणीपायी केलेले तुकडे गिऱ्हाइकाच्या हाती पडताच स्वातंत्र्याचे साधन बनले.

ते मोठ्या प्रमाणावर घडले नॉटिंगहॅमच्या मुलखात. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ साली लंडनात निघाली. तिच्या साहाय्याने ब्रायन अ‍ॅन्सेल यांनी १९७९ मध्ये नेवार्क येथे सिटाडेल मिनिएचर्स हा धातूच्या मूर्तींचा कारखाना काढला. आणि या जोडीतून १९८३ साली ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे खेळ निघाले. दुसऱ्या खेळाच्या पहिल्याच वर्षी तीस प्लॅस्टिकच्या ‘स्पेस मरीन’ शिपायांची एक पेटी आली, तिच्यात शिरस्त्राणे, हात, शस्त्रे आणि पाठीवरची यंत्रे ही सर्व सुटी होती. मूठभर पैशांत तीस माणसांचे अवयव हाती आल्यावर दोन शिपाई सारखे दिसण्याचे कारण उरले नाही. शिवाय हा खेळ कोणत्याही घडलेल्या इतिहासाचा नव्हता, कल्पित दूरच्या भविष्याचा होता, म्हणून गणवेशाची चूक काढणारा कोणी इतिहासकारही आडवा येत नव्हता. फेदरस्टोनच्या पिढीला जी सचोटी जड ओझ्यासारखी वाहावी लागली, तिच्यातून ही पिढी सुटली.

सुटली ती कधी कधी फारच सुटली, असे माझे मत आहे. खांद्यावर कवट्या, कमरेला कवट्या, गुडघ्यावर आणखी दोन आणि पाठीवर तीन निशाणे असा जो शिपाई प्रदर्शनांतून दिसतो, त्याच्याकडे पाहून पेटीतले काहीही वाया जाऊ नये या काटकसरीखेरीज दुसरा हेतू ध्यानात येत नाही. उलट सुरुवातीच्या वर्षांत या खेळाच्या चालकांनीच घरातल्या टाकाऊ वस्तूंतून रणगाडे कसे उभारावेत हे छापून दाखविले होते, आणि दुर्गंधीनाशकाच्या रिकाम्या डबीपासून केलेला तरंगता रणगाडा जुन्या खेळाडूंच्या आठवणीत अजून आहे. त्या डबीत जी विनोदबुद्धी होती ती मला अधिक मोलाची वाटते. ऑर्क नावाच्या दांडग्या हिरव्या टोळीला तर शत्रूकडून लुटलेले रणगाडे आपल्या सैन्यात घेण्याची मुभा पुढे नियमांतच मिळाली, आणि पेंढाऱ्यांच्या या वंशजांच्या निमित्ताने मुलांनी शेकडो खेळण्यांचे पत्रे, चाके आणि नळकांडी एकत्र ठोकून जी वाहने केली त्यांत ओबडधोबडपणा हाच नियम असल्यामुळे नवशिक्याचा हातही शोभून जाई. चित्रकार जॉन ब्लांच यांच्या काळोख्या, झिजलेल्या, गंजलेल्या चित्रांवरून मूर्ती घडविणारा एक पंथ निघाला तो याच्या दुसऱ्या टोकाला. त्यांची माणसे कोणत्या पेटीतली हे क्वचितच ओळखता येते.

एक डोके बदलण्याचे काम आज कसे चालते ते सांगतो. धातूचा किंवा प्लॅस्टिकचा शिपाई घेऊन कॉलरच्या खोबणीत बारीक करवतीने मान कापतात, आणि कापताना पाते एका बाजूस कलले तर नवे डोके आयुष्यभर आकाशाकडे पाहत राहते. मग हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने धडात आणि डोक्यात समोरासमोर भोक पाडायचे. ही भोके समोरासमोर येणे हीच खरी परीक्षा, म्हणून जाणते लोक एका भोकात रंगाचा ठिपका टाकून दुसरी बाजू त्यावर टेकवितात आणि उमटेल तेथे छेद घेतात. पितळी तारेचा तुकडा, सुपरग्लूचा थेंब, आणि डोके बसले. परंतु मानेभोवती फट राहते. ती भरण्यासाठी निळ्या आणि पिवळ्या अशा दोन पट्ट्यांचे इपॉक्सी लुकण असते. दोन्ही सारखे घेऊन हिरवे होईपर्यंत मळले, की तासाभराहून थोडा अधिक वेळ ते च्युइंगगमसारखे चिवट राहते आणि रात्रभरात घट्ट होते. हत्यार सतत पाण्यात बुडवून वापरावे, नाही तर लुकण त्याच्याबरोबरच उठून येते. वेल्समधील डॉल्गेलाय या गावी होणारे मिलिपुट हे दुसरे लुकण त्याहून भुसभुशीत, वाळल्यावर कानशीने घासता येणारे, म्हणून कडा धारदार हव्यात तेथे ते आणि कापडाची चुणी हवी तेथे हिरवे, अशी वाटणी अनुभवाने झाली आहे. उत्तम रूपांतराची खूण एवढीच, की रंग चढल्यावर पाहणाऱ्याने विचारावे, ‘ही मूर्ती कोणत्या कारखान्याची?’

ऐतिहासिक युद्धांचे खेळाडू या सुबत्तेपासून बरीच वर्षे वंचित होते. ते धातूच्या एकसंध मूर्तींवर गुजराण करीत राहिले. गेम्स वर्कशॉपमध्ये दीर्घकाळ मूर्ती घडविणारे मायकेल आणि अ‍ॅलन पेरी हे जुळे भाऊ त्यांच्या मदतीला धावले. यांपैकी मायकेल यांनी १९९६ साली क्रेसीच्या लढाईच्या पुनर्मंचनात तोफेच्या अपघातात उजवा हात गमावला, आणि डाव्या हाताने कोरण्यास नव्याने शिकून पुढचे सारे काम त्या हाताने केले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर पेरी, व्हिक्ट्रिक्स, वॉरलॉर्ड अशा कारखान्यांच्या पॉलिस्टायरीन पेट्या येऊ लागल्या. एकाच अमेरिकन यादवीच्या पेटीत केपी टोपीची आणि मोठ्या काठाच्या हॅटची अशी दोन्ही डोकी मिळू लागली, आणि एका कारखान्याची डोकी दुसऱ्याच्या धडावर सहज बसत असल्यामुळे फेदरस्टोनच्या काळात ज्यासाठी रात्री जागवाव्या लागत ते काम पाच मिनिटांवर आले.

सुट्या भागांचा हा व्यापार कज्ज्यांवाचून राहणे शक्य नव्हते. चॅप्टरहाउस स्टुडिओज या अमेरिकन दुकानाने ‘स्पेस मरीन’च्या अंगावर बसतील अशी खांद्याची कवचे, डोकी आणि जोडणीचे संच विकण्यास सुरुवात केली, तेव्हा गेम्स वर्कशॉपने २०१० च्या अखेरीस इलिनॉयमधील संघीय न्यायालयात त्यांच्यावर फिर्याद गुदरली. २०१३ साली ज्यूरीने काही मुद्दे एका पक्षाला आणि काही दुसऱ्याला देऊन फिर्यादीला २५,००० डॉलरची भरपाई ठरविली, जी त्या खटल्याच्या खर्चापुढे नगण्य होती. त्याचा परिणाम मेजावर उमटला असे खेळाडू मानतात. त्यानंतरच्या नियमपुस्तकांतून, ज्यांची मूर्ती कंपनी स्वतः विकत नाही असे वीर आणि पलटणी हळूहळू नाहीशा होत गेल्या, कारण नियमात नाव राहिले की परका कारागीर त्या नावाची मूर्ती काढणार. पूर्वी हीच कंपनी टपालाने एकेक हात, एकेक तलवार विकत असे; तो शिरस्ताही बंद पडला.

अलीकडच्या पेट्यांतल्या मूर्ती संगणकावर कोरतात, आणि त्यांचे तुकडे कोठे पाडायचे हेही संगणकाच्या पडद्यावरच ठरते. त्यामुळे सांधे झग्याच्या घडीत, केसांच्या बटेत, पट्ट्याच्या आड असे लपविलेले असतात, आणि डाव्या पायाचा अर्धा भाग झग्याबरोबर आला तर उरलेला अर्धा भलत्याच तुकड्याला चिकटून येतो. जोडलेली मूर्ती देखणी दिसते यात शंका नाही. पण ती एकाच रीतीने जोडता येते, आणि ज्याला हात बदलावयाचा आहे त्याला करवत घ्यावीच लागते. दुसरीकडे रेझिनच्या छपाईयंत्रांमुळे हवे ते डोके, हवी ती पगडी, कोणत्याही मापात, एखाद्या गावातल्या खोलीत रातोरात निघू लागली आहे. असईच्या मेजासाठी मराठी शिलेदार हवा असेल तर आता त्याची पगडी एकदाच पडद्यावर नीट वळावी लागते, मग ती शेकड्यांनी उतरते. गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या स्पर्धांत असले परके अवयव लावलेल्या मूर्तींना मज्जाव आहे आणि तेथे पंच तपासणी करतात; मित्राच्या घरच्या मेजावर मात्र शिरस्त्राण कोठून आले हे विचारले जाते ते केवळ तसेच एक आपल्यालाही हवे असते म्हणून.